हायवेच्या धाब्यांवर देहविक्रीसाठी फसवून आणलेल्या बायांमध्ये आमच्या चर्चच्या तरुणांना सेवा करायची आहे. सुरुवात कशी करावी, कोणत्या सुवार्ता-पत्रिका वाटाव्यात?

पत्रिका कोणतीच वाटू नका.

आमचं महिला मंडळ हिंगणघाटच्या पुढे, हैदराबादकडे जाणाऱ्या 44 नंबरच्या हायवेवर बरीच वर्षं जातंय. शुक्रवारची उपास-प्रार्थना आटोपली की दोघी-तिघी निघतो. सोबत कोणाचा तरी नवरा असतो, तो गाडीतच बसतो. धाब्यामागच्या खोल्यांत, वजनकाट्याजवळच्या टपरीपाशी या बाया भेटतात. कोणी स्वतःहून आलेली, कोणाला मावशीच्या जावयानं 'जिनिंगमध्ये काम लावून देतो' म्हणून आणून सोडलेलं. दोघी एकाच बाजेवर बसलेल्या असतात, पाहून काही कळत नाही. म्हणून 'तू इथं कशी आलीस' हे पहिल्या भेटीत विचारायचंच नाही.

यवतमाळकडची एक पोरगी होती, वीस-बावीसची. आम्ही दिसलो की तोंड फिरवायची. एकदा उलट म्हणाली, "तुमी काहून येता वं बाई? तुमचं काय अडलं इथं?" आम्ही जातच राहिलो. मग एका शुक्रवारी ती पोट धरून वाकलेली दिसली. मालकाला सांगून तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसानं मोठ्यानं विचारलं, नवऱ्याचं नाव? मागे अख्खी रांग. पोरीनं मान खाली घातली. मी म्हटलं, मोठी बहीण सोबत आहे, माझं नाव लिहा. त्यानं लिहिलं. तो केसपेपर तिनं घडी करून ओढणीच्या टोकाला बांधला आणि परत येईस्तोवर त्या गाठीवरचा हात काढला नाही.

त्यानंतर ती बोलायला लागली. कोणी आणलं, मालकाच्या वहीत तिच्या नावावर किती उचल लिहिलेली आहे, जेवण, कपडा, गोळ्या-औषध सगळं त्याच उचलीत कसं चढतं, म्हणून ती कधी फिटतच नाही. बाहेर पडायचं तिनं स्वतः ठरवलं. आम्ही तिला जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरला, म्हणजे अडचणीतल्या बायांसाठीच्या सरकारी मदत केंद्राला, पोचवलं, तिथून पुढे पोलिसांत तक्रार झाली. आज ती दुसऱ्या जिल्ह्यात आहे, स्वतःच्या कमाईवर.

आणि आमच्या कमिटीतल्या एका वडीलधाऱ्या भावांना काय हवं होतं? रविवारच्या उपासनेत तिची साक्ष, म्हणजे सगळ्यांसमोर उभं राहून आपली कहाणी सांगणं, आणि अहवालाला फोटो. ती नको म्हणाली, मीही ठाम नको म्हटलं. तेव्हापासून ऐकतेय की आम्ही सुवार्ता सोडून समाजसेवा करतो. याकोबाच्या विहिरीवर प्रभूनं त्या शोमरोनी बाईला आधी पाणी मागितलं. नवऱ्याचा विषय नंतर निघाला, आणि गावात जाऊन सांगितलं ते तिनं आपणहून. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात आपल्या मध्य प्रांतातून पोरी नेल्या, त्यांच्या पोटाला घातलं, लिहायला-वाचायला शिकवलं, हाताला काम दिलं. पुढे केडगावला फसवल्या गेलेल्या बायांसाठी कृपासदन काढलं. रमाबाईंना कोणी समाजसेविका म्हणून बाजूला बसवेल का? जिच्या अंगावर आधीच लोकांनी आपापला हक्क सांगितलाय, तिच्याकडून साक्ष वसूल करणं मला पाप वाटतं.

सुवार्ता सांगूच नका, असं मात्र मी म्हणत नाही. ती विचारेल तेव्हा मोकळेपणी सांगा. त्या पोरीनं दवाखान्याच्या बाकावर 'माह्यासाठी मागा' म्हटलं, तेव्हा तिथंच प्रार्थना केली.

तुमच्या तरुणांसाठी आणखी थोडं. पोरांनी बायांशी बोलायला जायचं नाही, हे काम बाईनंच करायचं. वार आणि वेळ ठरलेली ठेवा, दोन आठवडे जाऊन बंद करणार असाल तर जाऊच नका. मुलगी अठराच्या आतली वाटली तर लगेच 1098 (मुलांची हेल्पलाइन) किंवा 112 (पोलीस) लावा. तिथं तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही आणि माहीत असून न कळवणं हा पॉक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. स्वतः ओढून गाडीत घालायची नाही, मालक माणसं घेऊन येतो आणि नंतर मार त्या पोरीला बसतो. सज्ञान बाई स्वतःच्या मर्जीनं राहते म्हणाली तर जबरदस्ती नको, सुप्रीम कोर्टानंही 2022 मध्ये अशा बायांना सन्मानानं वागवा असं पोलिसांना बजावलंय. तिलाही एचआयव्हीच्या तपासणीला सोबत लागते. ग्रामीण रुग्णालयात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही सल्ला-तपासणी केंद्रात, ती मोफत होते, नाव गुप्त राहतं. पत्रिका छापायचे पैसे सॅनिटरी पॅड आणि दवाखान्याच्या ऑटोभाड्याला ठेवा. आणि तुमच्याही कमिटीत कोणी फोटो मागितला तर पहिल्याच मीटिंगला नाही म्हणा, नंतर म्हणणं फार जड जातं.