सिंहाचं जुनं प्रिंट घेताय? आधी हे बघा

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात कुणी "दीडशे वर्षं जुनं" म्हणून सिंहाचं चित्र दाखवलं की लगेच पैसे काढू नका, आधी भिंगातून बघा, सगळीकडे एकसारखे बारीक ठिपके दिसले तर ती हाफटोन (ठिपक्याठिपक्यांनी चित्र छापायची पद्धत) नाहीतर ऑफसेट छपाई, म्हणजे साधारण १८८० च्या आधीची नसणार. लाकडी ठशाचं किंवा स्टील एनग्रेव्हिंग (पोलादी पत्र्यावर कोरून छापलेलं) असेल तर सिंहाची आयाळ रेघारेघांनीच बनलेली दिसते, आणि ते बघायला मजा येते बरं का!

मग सिंह कुठला ते ओळखा. लंडनच्या ट्रफाल्गर चौकातले चित्रकार लँडसीरने घडवलेले सिंह १८६७ ला बसले, तिथल्या खांबावरचा ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचा पुतळा मात्र १८४३ पासून आहे, त्यामुळे खांबाखाली सिंह नसले तरी प्रिंट खोटं ठरत नाही, उलट जुनं असू शकतं. आणि घेतलेल्या जुन्या प्रिंटला लॅमिनेशन अजिबात नको.