ज्येष्ठांची पहिली चाचणी घेण्याआधी

प्रयोगशाळेत नवीन आहेस, तर संख्याशास्त्राची धास्ती सध्या बाजूला ठेव. सुरुवातीला बिघडतं ते ज्येष्ठांची स्मरणशक्ती आणि लक्ष तपासणारी चाचणी घेताना.

चष्मा आणि श्रवणयंत्र आणायला फोनवरच सांग, वेळ शक्यतो सकाळची दे. पंचवटीतून दोन रिक्षा बदलून आलेल्या काकूंना आधी पाणी दे, दहा मिनिटं बसू दे. शब्द नीट ऐकू आला नाही, तरी कागदावर ते 'विसरल्या' असंच उमटतं. सोबतच्या मुला-सुनेला बाहेर बसव. प्रेमापोटी उत्तरं तेच पुरवतात.

नव्यांच्या नेहमीच्या चुका:

- ऐकून परत म्हणायचे आकडे गट पाडून वाचणं. सेकंदाला एक, सपाट आवाजात म्हण. 'पाच-दोन-आठ' असा ठेका आला की लक्षात ठेवणं सोपं होतं आणि गुण फुगतात.
- मध्येच 'बरोबर', 'शाब्बास' म्हणणं.
- शंभरातून सात-सात वजा करायला सांगताना घाई. 'शहाऐंशी' आणि 'शहाण्णव' कानाला जवळचे, म्हणून ऐकलेलं लगेच लिही. ९३, ८५, ७८, ७१, ६४ यात चूक एकच आहे. मोका (MoCA) या स्मरणशक्ती आणि विचारक्षमतेच्या चाळणी चाचणीत प्रत्येक वजाबाकी आधीच्या उत्तरावरून तपासतात.

शिक्षणाची वर्षं नक्की विचार. चौथी शिकलेल्या आजोबांची तुलना कॉलेजच्या मुलांशी करून सगळा फरक वयाच्या माथी मारणं हा अन्याय आहे.

आणि गुण कमी आले तर 'डिमेन्शिया' हा शब्द तोंडातून काढू नकोस. चाळणी (स्क्रीनिंग) चाचणी म्हणजे निदान नव्हे. त्याच दिवशी मार्गदर्शकांना सांग.