ऑक्ट-४ उतरत नाही, मग पेशी मूळ अवस्थेतून बाहेर पडली हे कसे ओळखायचे?

प्रश्न : उंदराच्या भ्रूण-मूलपेशींच्या माध्यमातून टू-आय (दोन रोधकांची जोडी) आणि लिफ (एक प्रथिन), म्हणजे पेशींना मूळ अवस्थेत धरून ठेवणारे घटक, काढले. ४८ तासांनीही बऱ्याच पेशींत रेक्स-१ या मूळ अवस्थेच्या खूण-जनुकाचा हिरवा प्रकाश दिसतो, मूलपेशीपण राखणारे ऑक्ट-४ प्रथिनही तसेच आहे. प्रयोग फसला का?
— एमएस्सीची विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : ऑक्ट-४वरून निदान करू नका. ते या टप्प्यावर उतरायचेच नसते. फक्त जोडीदार बदलते. आधी ते ईएसआरआरबी, क्लफ-४ या मूळ अवस्थेच्या प्रथिनांच्या संगतीत असते. मग ओटीएक्स-२ हे पुढच्या टप्प्याचे प्रथिन वाढते आणि ऑक्ट-४ त्याच्याबरोबर नव्या एन्हान्सरांवर (जनुके चालू करणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांवर) जाऊन बसते. टू-आयमधले सीएचआयआर (३ मायक्रोमोलर) टीसीएफ-७एल-१ या जनुके दाबणाऱ्या प्रथिनाचा दाब हलका ठेवते, पीडी (१ मायक्रोमोलर) पेशीला बदलाकडे ढकलणारा ईआरकेचा संदेश अडवते. दोन्ही काढले की टीसीएफ-७एल-१ ईएसआरआरबीला दाबते, ईआरके जागे होते आणि जुने जाळे ढासळते. म्हणून क्यूपीसीआरमध्ये (जनुके किती चालू आहेत ते मोजणाऱ्या चाचणीत) मूळ अवस्थेची ईएसआरआरबी व नॅनॉग उतरलेली, पुढच्या टप्प्याची एफजीएफ-५ व ओटीएक्स-२ चढलेली पाहा.

आता तुमचा हिरवा प्रकाश. सर्वांत आधी जीएफपी (हिरवे चमकणारे प्रथिन) कोणते ते तपासा. साधे असेल तर जनुक बंद झाल्यावरही प्रथिन दिवसभर रेंगाळते. अशा कामाला सुमारे दोन तासांत निम्मे होणारे अल्पायुषी जीएफपीच हवे. तेच असेल तर शंका धुण्यावर. पेशी सुट्या करून बेसल माध्यमात दोनदा धुवा, नाहीतर थोडे टू-आय मागे राहतेच. एन-२बी-२७ या टू-आय व लिफ नसलेल्या माध्यमात चौरस सेंटिमीटरला सुमारे १०,००० पेशी पेरा. दाटी झाली तर पेशी मूळ अवस्थेत अडून राहतात, फार विरळ पेरल्या तर मरतात. सगळ्या पेशी एकाच वेळी निघत नाहीत, हेही धरून चाला.

खात्रीचा प्रयोग वेगळाच : एकेक पेशी पुन्हा टू-आय-लिफमध्ये पेरा आणि वसाहती मोजा. सुरुवातीच्या तासांत त्या परततात. रेक्स-१ पूर्ण विझल्यावर मात्र, ओहोटीला मानशीतून (बांधातल्या झडपेच्या दारातून) बाहेर पडलेले पाणी भरतीला दार मिटल्याने शेतात परतू नये, तसे होते.

प्रश्न : हीच कृती मानवी पेशींना चालेल?
— वाचक, डिचोली

उत्तर : नाही. प्रयोगशाळेत सहसा वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशी ही पायरी आधीच ओलांडून आलेल्या असतात. त्यांना एफजीएफ-२ आणि अ‍ॅक्टिव्हिन या संदेशवाहक प्रथिनांचा टेकू लागतो. टू-आय-लिफ एवढ्यावर त्या मूळ अवस्थेत टिकत नाहीत.