दिवा कुणाचा होता?

*ताई, वय ४४. शेअर बाजारात, ऑप्शन्समध्ये ९ लाख गेले. नशीब! पण त्याच सुमारास स्टोइक हे जुनं ग्रीक-रोमन तत्त्वज्ञान हाती लागलं आणि मन शांत झालं. एपिक्टेटसचा लोखंडी दिवा चोरीला गेला, तर तो म्हणाला, उद्या मातीचा आणू. मीही आता तसाच झालोय. पहाटे उठतो, थंड पाण्याने आंघोळ करतो. बायको मात्र रोज पैशांवरून रडते. (तिच्या पाटल्या गोल्ड लोनला ठेवल्यात. तिला वाटतं लॉकरमध्ये आहेत. सोडवीन यथावकाश.) तिला या वाटेवर कसं आणू?*
*— एक वाचक, नाशिक (पत्र संक्षिप्त)*

पाटल्या कंसात टाकून तुम्ही पुढे निघून गेलात. मी तिथेच अडकले.

एपिक्टेटसची गोष्ट तुम्ही अर्धी सांगितलीत. एकेकाळचा गुलाम, पायाने अधू, ग्रीसमधल्या निकोपोलिसला शिकवणारा हा स्टोइक माणूस. 'उद्या मातीचा मिळेल' असं तो म्हणाला, खरंय. पण दुसऱ्या एका प्रवचनात तो त्याच दिव्याकडे परत येतो आणि या वेळी चोराचा हिशेब मांडतो. जागं राहण्यात चोर माझ्यापेक्षा सरस निघाला, म्हणून दिवा गेला, म्हणतो. पण चोराला तो केवढ्याला पडला? एका दिव्यापायी तो चोर झाला, एका दिव्यापायी बेइमान झाला.

आता सांगा, या गोष्टीत तुम्ही कोण? दिवा एपिक्टेटसचा स्वतःचा होता, म्हणून त्याला तो हसत सोडता आला. पाटल्या तुमच्या नाहीत हो.

आणि नशीब मध्ये आणू नका. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या दर १०० सामान्य माणसांपैकी ९३ जण तोट्यात गेले, हे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनेच २०२४ साली जाहीर केलंय. आपल्या हातात काय आणि काय नाही, इथून तुमच्या गुरूंची शिकवण सुरू होते ना? बाजार हातात नव्हता, कबूल. ऑर्डर टाकणारं बोट कुणाचं होतं? लॉकरची किल्ली कुणी फिरवली?

रोमचा स्टोइक विचारवंत सेनेकाही वाचलाच असेल. इसवी सन ४१ मध्ये त्याला कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं. तिथून त्याने आईला, हेल्वियाला, धीर देणारं लांबलचक पत्र लिहिलं. संपत्ती गेल्याने माणसाचं काही बिघडत नाही, हे त्यात आहेच, आणि रीलवाले तेवढंच उचलतात. जरा पुढे वाचा. मुलांची मालमत्ता सांभाळताना तू ती स्वतःची असल्यासारखी खपलीस आणि परक्याची असल्यासारखा तिला हात लावला नाहीस, असं तो आईला कौतुकाने लिहितो. धनाला तुच्छ मानायला सांगणाऱ्या माणसाला ही गोष्ट पत्रात घालावीशी का वाटली असेल? उद्या थंड पाणी अंगावर घेताना विचार करा.

तुमच्या बायकोच्या स्वभावावर मी काही लिहिणार नाही. पत्र तिचं आलेलं नाही.

आज रात्री जेवणं आटोपली की गोल्ड लोनची कागदपत्रं घेऊन तिच्यासमोर बसा. किती तोळे ठेवलेत, कर्ज किती उचललंय, व्याज किती थकलंय, मुदत कधी संपते, सगळं सांगा. तत्त्वज्ञानाचं अवाक्षर काढायचं नाही. पैसे थकले की आधी नोटीस येते, मग सोन्याचा लिलाव होतो. ती नोटीस पोस्टमनने तिच्या हातात ठेवायच्या आत हे तुमच्या तोंडून कळू दे. ती चिडेल, बोलेल, कदाचित माहेरी जाईल. ऐकून घ्या. मध्ये बोलू नका आणि चेहरा शांत ठेवून तर मुळीच बसू नका.

पुढे तुम्ही लिहिलंय की रविवारी मनःशांतीसाठी नव्या मोटरसायकलवरून त्र्यंबकला जाता. ती विकून किती येतील, ते दुपारीच कुणाला तरी विचारून ठेवा. बायकोचा पहिला प्रश्न तोच असणार.