तळजाईवरची लाल, पांढऱ्या रेघांची फळं: रानतोंडली की विषारी वेल?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातल्या तळजाई टेकडीच्या तारेच्या कुंपणावर एका वेलीला गोटीएवढी गोल, लाल फळं दिसली, त्यांवर पांढऱ्या रेघा होत्या, पानं हाताच्या पंजासारखी होती आणि मुलगी तोंडली समजून ती खायला निघाली होती. खाऊ दिली नाहीत ते फार चांगलं केलंत. या वर्णनावरून ती शिवलिंगी नावाची रानवेलच वाटते आणि तिची फळं विषारी आहेत.

फसायला होतं ते रेघांमुळे. कोवळ्या तोंडल्यावरही पांढऱ्या रेघा असतात, पण तोंडलं पिकून लाल झालं की त्या जातात. शिवलिंगी पिकली तरी रेघा तशाच राहतात. शिवाय तोंडलं लांबट, ही गोल. तोंडलीचं फूल पांढरंशुभ्र आणि चांगलं मोठं. हिचं फूल इवलंसं, फिकट पिवळसर, पानाआड लपलेलं. मी वेताळ टेकडीवर फिरताना आधी ताणा, म्हणजे वेल आधाराला धरते तो तंतू, बघते. शिवलिंगीचा ताणा टोकाकडे दुभंगतो, तोंडलीचा एकेरीच असतो. फळं नसतानाही ही खूण उपयोगी पडते.

फळ फोडलं तर आतल्या बीचा आकार पिंडीवरच्या लिंगासारखा दिसतो, नाव त्यावरूनच पडलं. आणि याच बिया मूल होण्यासाठी म्हणून बाजारात विकल्या जातात. माझ्या नात्यातल्या एका मुलीला सासरी त्या दुधातून दिल्या होत्या, कुणालाही न विचारता. कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून असल्या बिया घेऊ नका.

लाल दिसणारी दुसरी वेल गुंज. ती फळ म्हणून नाही, बी म्हणून ओळखायची: शेंग तडकली की आत लालभडक, काळ्या डोळ्याच्या बिया. पानं चिंचेसारखी, ताणे नाहीतच. सोनार पूर्वी हिच्या बियांनी सोनं तोलत. ही शिवलिंगीपेक्षा कितीतरी घातक. अख्खी बी गिळली तर कठीण कवचामुळे ती बऱ्याचदा तशीच बाहेर पडते, पण चावली, कुटली किंवा माळेसाठी भोक पाडलेली असली तर आतलं अब्रिन नावाचं विष जिवावर बेतू शकतं. त्यावर उतारा नाही, आणि उलट्या-जुलाब काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही सुरू होतात. म्हणून मूल खेळतंय-बागडतंय यावर विसंबून थांबू नका.

यांपैकी काहीही मुलाच्या पोटात गेलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. तोंडातलं उरलेलं काढा, वेलीची डहाळी पानाफळांसकट पिशवीत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. डॉक्टरांना फोटोपेक्षा त्या डहाळीचा उपयोग जास्त होतो.

पुन्हा तिकडे गेलात तर ताण्याचा आणि फुलाचा जवळून फोटो टाका, मी बघून नक्की सांगेन.