ईएफ ३५, ४०, मग ३६ : खरा कोणता?

प्रश्न : हार्ट फेल्युअरसाठी वडिलांची औषधं चालू आहेत. पहिल्या टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ ३५ टक्के होता. चार महिन्यांनी दुसऱ्या सेंटरला ४० आला, आता तिसरीकडे ३६. हृदय पुन्हा खचलं का?

उत्तर : एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ईएफ म्हणजे हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात किती टक्के बाहेर गेलं तो आकडा. समजा, या कप्प्यात भरताना १५० मिली रक्त होतं आणि आकसल्यावर ९६ उरलं. ५४ मिली बाहेर गेलं, म्हणजे ईएफ ३६. तेच उरलेलं रक्त ९० मोजलं गेलं, तर ईएफ ४०. फरक ६ मिलीचा, जेमतेम चमचाभर! (निरोगी हृदयही पूर्ण रिकामं होत नाही, तिथेही ईएफ साधारण ५५ ते ७० असतो. तेव्हा १०० पैकी ३६ मार्क असा हिशोब करू नका.)

आता मोजतात कसं ते बघा. पेशंटला डाव्या कुशीवर वळवून हृदयाच्या टोकाकडून दोन कोनांतली चित्रं घेतात. कप्पा सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान असतानाची फ्रेम थांबवून आतली कड आखतात. मशीन त्या आकाराच्या २० चकत्या पाडून आकारमान काढतं. प्रोब (छातीवर टेकवायचा मशीनचा दांडा) एक फासळी वर राहिला, की हृदयाचं टोक चित्रातून निसटतं, कप्पा आखूड दिसतो आणि ईएफ बऱ्याचदा फुगतो. कड धूसर असेल तर आखणारा अंदाजच करतो. अशा वेळी कॉन्ट्रास्ट (कड उठून दिसावी म्हणून शिरेतून देतात ते इंजेक्शन) वापरावा. ठोके अनियमित असतील (एएफ म्हणजे एट्रियल फिब्रिलेशन), तर किमान पाच ठोक्यांची सरासरी हवी. एका ठोक्यावर काढलेला आकडा तिथे बिनकामाचा. अटॅक येऊन गेलेल्या हृदयात एम-मोडच्या (इकोची जुनी, एकाच रेषेवर मोजायची पद्धत) एकाच रेषेवरून काढलेला ईएफही फसवा, कारण भिंतीचा एक भाग हलतो आणि दुसरा हलत नाही.

दोन वेगळ्या माणसांच्या मोजणीत ५ ते १० अंकांचा फरक सहज पडतो. म्हणून पुढचा इको शक्यतो एकाच सेंटरला, एकाच पद्धतीने करा. जुन्या तपासणीच्या क्लिप्स न्या, नुसता कागद नको. दोन्ही चित्रं शेजारी लावून बघितलेली तुलना कुठल्याही आकड्यापेक्षा भरवशाची. आकडा कितीही असो, तीन दिवसांत वजन २ किलोंनी वाढलं, पाय सुजले किंवा आडवं झाल्यावर दम लागू लागला, तर डॉक्टरांना लगेच कळवा. आकडा वाढला म्हणून औषधं मात्र स्वतःहून कमी करू नका.

प्रश्न : माझा ईएफ ६० आहे, तरी हार्ट फेल्युअर सांगितलं. रिपोर्ट चुकला का?

उत्तर : बहुधा नाही. ईएफ फक्त रिकामं होणं मोजतो. स्नायू ताठर झाला की भरताना दाब वाढतो आणि दम लागतो. रिपोर्टात डाव्या वरच्या कप्प्याचा आकार आणि ‘ई बाय ई प्राइम’ (कप्पा भरतानाच्या रक्ताच्या वेगाला स्नायूच्या हालचालीच्या वेगाने भागून येणारा आकडा) बघा. हा आकडा १४ च्या वर असेल, तर दाब वाढल्याची शक्यता बळावते.