मनिलातील मकातीच्या पोब्लासियोन भागातील बार, रेस्टॉरंट आणि हॉटेले कशी आहेत? पत्नीसह तिथे राहणे योग्य ठरेल का?

तुम्ही लिहिले आहे की कामानिमित्त सहा आठवडे मनिलाला जायचे आहे, कंपनीने मकातीतील बर्गोस स्ट्रीटवरचे एक हॉटेल सुचवले आहे, शेवटचे दोन आठवडे पत्नीही येणार आहेत आणि त्या रस्त्याविषयी जे काही वाचनात आले त्यामुळे तुम्ही साशंक झाला आहात. मी २०१६ ते २०१९ या काळात मकातीत एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरीला होते आणि त्यातील दोन वर्षे पोब्लासियोनमधल्याच एका गल्लीत भाड्याने राहत होते. त्या अनुभवावरून माझे उत्तर असे आहे की पोब्लासियोनमध्ये जरूर राहा, मात्र खुद्द बर्गोस स्ट्रीटवर खोली घेऊ नका.

पोब्लासियोन या स्पॅनिश शब्दाचा तिथला अर्थ आपल्या ‘गावठाण’ या शब्दाने अगदी नेमका सांगता येतो. फिलिपिन्समधील जवळजवळ प्रत्येक गावाला एक पोब्लासियोन असते: चर्च, जुनी नगरपालिका आणि त्यांच्याभोवतीची मूळ वस्ती. आज मकाती म्हटले की आयाला ॲव्हेन्यूवरच्या बँका आणि उंच इमारती डोळ्यांसमोर येतात, पण मूळ गाव हे पासिग नदीच्या काठचे, १९१४ पर्यंत सान पेद्रो मकाती या नावाने ओळखले जाणारे. तिथले संत पीटर आणि संत पॉल यांचे चर्च १६२० मध्ये बांधून पूर्ण झाले आणि आजही ते वापरात आहे. मुंबईची माहिती असेल तर वांद्र्याचे रणवार आठवा. ईस्ट इंडियन कुटुंबांच्या जुन्या घरांना खेटून कॅफे आणि बार उभे राहिले आहेत, तसाच हा प्रकार आहे, फक्त कितीतरी मोठ्या प्रमाणावर. ज्या गल्लीत रात्री एक वाजता मेक्सिकन टाको खाणाऱ्यांची रांग लागलेली असते, त्याच गल्लीत पहाटे कोंबडे आरवतात आणि शाळेची मुले गणवेशात बाहेर पडतात. हे लक्षात ठेवले की त्या भागातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

आता बर्गोस स्ट्रीटविषयी. १७ फेब्रुवारी १८७२ रोजी स्पॅनिश सत्तेने गळा आवळून मृत्युदंड दिलेल्या तीन फिलिपिनो धर्मगुरूंपैकी फादर होसे बर्गोस यांचे नाव या रस्त्याला आहे. इतक्या थोर माणसाच्या नावाचा रस्ता आज निऑन दिव्यांच्या ‘गर्ल्स बार’साठी ओळखला जातो, याचे तिथल्या अनेकांना मनापासून वाईट वाटते आणि मलाही वाटत असे. अशा बारांचे जुने ठिकाण म्हणजे खुद्द मनिला शहरातले एर्मिता आणि मलाते हे भाग (मकाती हे त्याच महानगरातले, पण वेगळे शहर आहे). १९९२ मध्ये आल्फ्रेदो लिम मनिलाचे महापौर झाल्यावर त्या शहराने १९९३ मध्ये एक उपविधी संमत करून तिथले बार, कराओके आणि मोटेल यांना तीन महिन्यांत व्यवसाय बंद करण्यास, बदलण्यास किंवा अन्यत्र हलवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो उपविधी घटनाबाह्य ठरवला, परंतु तोपर्यंत एर्मिताचे रूप पालटले होते आणि त्यातला काही व्यवसाय शेजारच्या पासाय आणि मकाती या शहरांत सरकला होता.

या बारांत व्यवहार कसा चालतो हे सांगणे मला आवश्यक वाटते, कारण फसगत होते ती तो माहीत नसल्यामुळेच. तुम्ही बसलात की एखादी मुलगी शेजारी येऊन बसते आणि ‘लेडीज ड्रिंक’ मागते. त्या छोट्या ग्लासाची किंमत तुमच्या बिअरच्या कितीतरी पट असते आणि त्यातला ठरावीक वाटा तिला मिळतो. प्रत्येक मागणीची चिठ्ठी टेबलावरच्या पेल्यात गुंडाळून ठेवली जाते आणि हिशेब शेवटी होतो. भारतातून आठवडाभरासाठी आलेले माझे एक सहकारी अशाच एका ठिकाणी गेले असता त्या पेल्यात त्यांनी न मागितलेल्या सात ग्लासांच्या चिठ्ठ्या निघाल्या. वाद घालायला सुरुवात करताच दोन धिप्पाड माणसे येऊन उभी राहिली आणि त्यांनी मुकाट्याने पैसे भरले. तुम्ही जाणार नाही असे तुमच्या प्रश्नावरून वाटते, पण सहकाऱ्यांच्या आग्रहाने जावे लागलेच, तर प्रत्येक वेळी हातोहात रोख पैसे देऊन चिठ्ठी फाडायला सांगा आणि कार्ड बाहेर काढू नका. वेश्याव्यवसाय फिलिपिन्समध्ये बेकायदेशीर आहे, मानवी व्यापाराविरुद्धचा २००३ चा कायदा कडक आहे आणि छापे पडतात. तिथे काम करणाऱ्या अनेक जणी दूरच्या बेटांवरील गरीब गावांतून आलेल्या असतात आणि दर महिन्याला घरी पैसे पाठवतात. माझ्या इमारतीत अशा दोघी राहत होत्या. जिन्यात भेटल्या की हातातली भाजीची पिशवी बाजूला धरून मला वाट करून देत. त्यांच्याकडे तमाशासारखे पाहणारे पर्यटक मला आजही सहन होत नाहीत.

बर्गोस स्ट्रीटपासून थोडे चालत गेले की मात्र सगळे चित्र बदलते. फेलिपे, डॉन पेद्रो, जनरल लुना, आल्फोन्सो या गल्ल्यांमध्ये साधारण २०१२ नंतर तरुण फिलिपिनो आचारी आणि व्यावसायिकांनी लहान लहान जागा भाड्याने घेऊन रेस्टॉरंट आणि बार सुरू केले. आयालाजवळच्या मॉलमधील भाडी त्यांना परवडणारी नव्हती, इथे जुनी घरे स्वस्तात मिळत होती आणि शेजारीच, जुन्या वीजकेंद्राच्या जागेवर उभे राहिलेले, रॉकवेलचे सधन संकुल असल्यामुळे गिऱ्हाईकही हाताशी होते. फेलिपे स्ट्रीटवरचे ‘एल चुपाकाब्रा’ हे टाकोचे दुकान या बदलाच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक. निम्मी टेबले रस्त्यालगत, धूर अंगावर येतो, आणि तरीही लोक तासभर थांबतात. या गल्ल्यांतली दुकाने लवकर बदलतात, म्हणून नावांची यादी देण्यात अर्थ नाही. संध्याकाळी सात वाजता एक फेरी मारा आणि जिथे स्थानिक कुटुंबे बसलेली दिसतील तिथे बसा.

पिण्यासोबतच्या खाण्याला तिथे ‘पुलुतान’ म्हणतात. आपल्याकडे ज्याला चखणा म्हणतात तेच, पण तिथे त्याचा मान जेवणाइतका आहे. सिसिग हा त्यातला राजा: डुकराच्या गालाचे आणि कानाचे बारीक तुकडे, कांदा, मिरची आणि कालामान्सी नावाचे इवलेसे लिंबू, सगळे तापलेल्या लोखंडी तव्यावर चरचरत येते. सान मिगेल ही बिअर मनिलात १८९० पासून बनते आणि ती सौम्य आहे. त्याच कंपनीची रेड हॉर्स मात्र बरीच कडक आहे आणि दोन्ही बाटल्या सारख्याच सहजतेने समोर ठेवल्या जातात, तेव्हा लेबल पाहून घ्या. मेन्यूवरच्या किमतीत १२ टक्के मूल्यवर्धित कर बहुधा धरलेला असतो, त्यावर सेवाशुल्क लागते आणि २०१९ च्या कायद्यानुसार ते पूर्णपणे कर्मचाऱ्यांमध्ये वाटावे लागते. त्यामुळे वेगळी टिप देण्याची सक्ती मानू नका.

तुमची पत्नी शाकाहारी आहे असे तुम्ही लिहिले आहे, आणि खरी अडचण रात्रीच्या सुरक्षिततेपेक्षा इथे आहे. फिलिपिनो स्वयंपाकात भाजी ही बहुतेक वेळा मांस किंवा मासळीच्या चवीने शिजते. पिनाकबेत या भाज्यांच्या पदार्थात बागूंग म्हणजे आंबवलेल्या कोळंबीची चटणी असते, वरणासारख्या दिसणाऱ्या मुगाच्या आमटीत सुका मासा किंवा डुकराचे मांस असते, आणि ‘मांस नको’ म्हटल्यावर मासा हे मांस नाही अशी समोरच्याची प्रामाणिक समजूत असते. म्हणून नकार एका शब्दात न देता ‘वालांग कार्ने, वालांग इस्दा, वालांग पातिस, वालांग बागूंग’ असा पूर्ण सांगावा: मांस नको, मासा नको, माशाचे पाणी नको, कोळंबीची चटणी नको. मी हे चार नकार कागदावर लिहून पाकिटात ठेवले होते. यातून मार्ग काढणारा एक पदार्थ आहे, तो त्यांना अवश्य सांगा: एन्सालादांग तालोंग. अख्खे वांगे निखाऱ्यावर भाजून, सोलून, त्यावर चिरलेला टोमॅटो, कांदा आणि व्हिनेगर घालतात. बागूंग वगळायला सांगितले की ते आपले वांग्याचे भरीतच, फक्त फोडणी न दिलेले. पहिल्यांदा ते समोर आले तेव्हा भाजलेल्या सालीच्या वासाने मला खानदेशातल्या शेतावरची हिवाळ्यातील संध्याकाळ आठवली आणि मी दोनदा भात मागवला. त्यातल्या कांद्याला तिथे ‘सिबुयास बोंबाय’ म्हणतात, आणि आपल्यालाही ‘बुंबाय’च म्हणतात, दोन्ही नावे मुंबईवरून पडली आहेत. हा शब्द कानावर आला तर लगेच अपमान समजू नका, बोलणाऱ्याचा स्वर पाहा. भारतीय जेवणाची रेस्टॉरंटही मकातीत आहेत, तेव्हा उपासमार मुळीच होणार नाही.

हॉटेलांविषयी, म्हणजे मुक्कामाच्या हॉटेलांविषयी, आता नेमके सांगते. दरफलकावर तीन तास, सहा तास, बारा तास असे दर लिहिलेले दिसले तर तिथे राहू नका. अशा ‘शॉर्ट टाइम’ दरांवर मनिला शहराने घातलेली बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये रद्द केली, त्यामुळे ते दर उघडपणे लावलेले असतात आणि ते कशासाठी असतात हे तुम्ही ओळखू शकता. दुसरे, खोलीला खिडकी आहे का हे आरक्षणापूर्वी लेखी विचारा. त्या भागातल्या स्वस्त हॉटेलांमध्ये बिनखिडकीच्या खोल्या सर्रास असतात आणि सहा आठवडे तशा खोलीत काढणे फार जड जाते. तिसरे, शुक्रवारी आणि शनिवारी गच्चीवरच्या बारांचे संगीत पहाटेपर्यंत चालते, म्हणून खोली रस्त्याच्या विरुद्ध बाजूची मागा. मकाती ॲव्हेन्यू आणि कलायान ॲव्हेन्यू जिथे मिळतात त्या चौकाजवळ सिटी गार्डन ग्रँडसारखी उंच, व्यवस्थित हॉटेले आहेत. तिथून गल्ल्यांतली रेस्टॉरंट चालत जाण्याच्या अंतरावर राहतात. सहा आठवड्यांसाठी मला विचाराल तर मी स्वयंपाकघर असलेले सर्व्हिस अपार्टमेंट घेईन, कारण पत्नींना सकाळचा चहा आणि पोहे घरचे मिळतील. कार्यालय आयाला ॲव्हेन्यूवर असेल तर सकाळी चालत वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचता येते. त्या वेळेच्या वाहतुकीत मोटार याहून फारशी लवकर पोहोचत नाही.

सुरक्षिततेबद्दल मी एक स्त्री म्हणून सांगते. माझे काम युरोपच्या वेळेनुसार असे आणि मी रात्री दीड-दोनला घरी येत असे. गल्लीच्या तोंडाशी एक सारी-सारी दुकान होते, म्हणजे घराच्या खिडकीतून जाळीआडून शांपूच्या पुड्या, अंडी आणि सुटी सिगारेट विकणारे. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ‘आते’ म्हणत. हा शब्द ऐकून आपल्याला आत्या आठवते, पण त्याचा अर्थ ताई. मी येईपर्यंत त्या जाळीवरचा पिवळा बल्ब चालू ठेवत आणि मी दिसले की काही न बोलता तो बंद करत. शेजारी बारांगायचे, म्हणजे वॉर्डाचे, रखवालदार प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले असत. त्या दोन वर्षांत मला कोणी त्रास दिला नाही. मोबाइल हातात धरून रस्त्याच्या कडेने चालू नका, रात्री रस्त्यावरची टॅक्सी न थांबवता ग्रॅब या ॲपवरून गाडी बोलवा, अमली पदार्थांच्या जवळपासही फिरकू नका, एवढी काळजी पुरेशी आहे. अनोळखी माणसाला पुरुष असेल तर ‘कुया’ म्हणजे दादा आणि बाई असेल तर ‘आते’ म्हणून हाक मारा. समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो.

तारखा अजून पक्क्या नसतील तर ईस्टरपूर्वीचा पवित्र सप्ताह पाहून घ्या. गुड फ्रायडेला बहुतेक बार आणि अनेक रेस्टॉरंट बंद असतात, आणि निवडणुकीच्या आदल्या दिवशी व मतदानाच्या दिवशी मद्यविक्रीला बंदी असते. परंतु पत्नी त्याच आठवड्यात येणार असतील तर ते टाळू नका. त्या दिवसांत पोब्लासियोनच्या गल्ल्यांमध्ये मांडव घालून येशूच्या यातनांची कथा पद्यात गायली जाते, वृद्ध स्त्रिया आळीपाळीने पोथी पुढे ओढून घेतात, आणि ते दिवसरात्र चालते. आपल्याकडच्या पारायणाशी त्याचे फार साम्य आहे. मी ज्या बारसमोरून रोज नाक मुरडत जात असे, त्याच्या बंद दारासमोरच असा एक मांडव पडला होता, आणि बारचाच दरवान तिथे बसलेल्या आजींना कागदी पेल्यांतून कॉफी नेऊन देत होता.

हॉटेलचे नाव किंवा गल्ली कळवलीत तर ती जागा कुठल्या बाजूला येते ते मी सांगू शकेन.